रस्त्यापलीकडचं माहेर

ज्या दुपारी मी सिंगापूरला जायला निघाले, त्या दुपारी बबनमामा मला निरोप द्यायला येऊ शकला नाही. निघाला होता तो. त्याचं घर आमच्या घरासमोरच, मध्ये फक्त रस्ता. पण बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक लागले होते आणि दोन ट्रेलरच्या मध्ये माणूस शिरेल एवढीही जागा सुटत नव्हती. मामा पलीकडच्या कडेला उभा होता. हातात सुकटीची पिशवी, अंगात लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट. ट्रेलर सरकला की दिसायचा, दुसरा आला की दिसेनासा व्हायचा.

"बबन, तिथंच थांब! येव नको!" आई अलीकडून ओरडत होती. हॉर्नच्या आवाजात तिचं मलाच नीट ऐकू येत नव्हतं, त्याला काय येणार? त्याने एक पाऊल खाली टाकलं, मागे घेतलं, पुन्हा टाकलं. टॅक्सीवाला म्हणाला, "ताई, पुढं फाट्यावर जाम हाय. आता नाय निघालो तर विमान जाईल." मी गाडीत बसले. मामाने पिशवी उंच धरून दाखवली. मी हात हलवला. मध्येच एक लांबलचक लाल कंटेनर आला आणि तो गेला तेव्हा आमची गाडी वळणावर पोचली होती.

माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्या सगळ्यांना निघतानाचा एखादा चेहरा आठवत असेल. मला मामाचा आठवतो, तोही तुकड्यातुकड्यांत.

आमचं गाव धाकटीखार, पनवेल-उरणच्या पट्ट्यात. रस्त्याच्या अलीकडे आम्ही, मिठागरांच्या अंगाला. पलीकडे डोंगराच्या पायथ्याला आंबेपाडा. आई आंबेपाड्याची. लग्न होऊन ती रस्ता ओलांडून इकडे आली. बापूस चेष्टेने सांगायचा, "तुमच्या आईला पाठवणीला रडायला पन वेल मिलाला नाय. रडू फुटायच्या आधी सासर आलं!" तेव्हा रस्ता म्हणजे डांबराची एक पट्टी होती. दिवसाला थोड्या एसट्या, मिठाच्या गाड्या, बाकी सायकली आणि गुरं. आईने खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण केलं की वाटीवर ताट झाकून ती मामाकडे पोचवायची, आणि ताट उचललं की आतून वाफ यायची. मामी पलीकडून हाक मारायची, आई चुलीपुढून ओ द्यायची. माहेर इतकं जवळ असलं की बाईला माहेरपणाला जावं लागत नाही, ते भाजीत मीठ असल्यासारखं रोजच्या दिवसात असतं.

मग बंदर वाढलं आणि रस्ता रुंद होत गेला. आधी आमचं अंगण गेलं, मग मामाची पडवी. मध्ये दुभाजक आला. मांडणीवरची भांडी दिवसभर आपोआप वाजायची. दारात वाळत घातलेल्या बोंबलांवर काळी धूळ बसायची, तेव्हा आई बोंबील गच्चीवर नेऊ लागली. आम्हा पोरांना मात्र त्यात मजा होती. शाळेत इंग्रजी यायच्या आधी मी कंटेनरवरची अक्षरं ओळखायला शिकले. दादा आणि मी ओट्यावर बसून पैज लावायचो, पुढचा डबा निळा की हिरवा. हे डबे कुठून येतात असं विचारलं तर बापूस खाडीकडे हात करून म्हणायचा, "लांबून."

मी अकरावीत होते तेव्हा यमुनामामी गेली. भातकापणी झाली होती. नव्या तांदळाच्या भाकऱ्या घेऊन ती आमच्याकडे येत होती, दरवर्षी यायची तशी. अर्धा रस्ता ओलांडून ती दुभाजकावर थांबली, नीट बघितलं आणि मग उतरली. एका ट्रेलरने थांबून तिला वाट दिली होती. त्याच्या आडून दुसरा आला. आई दारातच उभी होती. तिने सगळं पाहिलं.

त्यानंतर आईने पायी रस्ता कधीच ओलांडला नाही. सुरुवातीला ती रिक्षाने जायची. फाट्यापर्यंत लांब जायचं, वळसा घालायचा आणि परत येऊन समोरच्याच घरी उतरायचं. पुढे फाट्यावरचा जाम एवढा वाढला की तेही थांबलं. भाऊबीजेला पहाटे, वाहनं विरळ असताना मामा यायचा आणि ओवाळून घेऊन उजाडायच्या आत परतायचा. पुढे त्याचे गुडघे गेले, मग पहाटेचंही बंद झालं. संध्याकाळी दोघं आपापल्या ओट्यावर बसायची. गाड्यांच्या फटीतून एकमेकांना दिसायची. दादाने दोघांना मोबाइल दिले, तेव्हा एकमेकांकडे बघत फोनवर बोलायची. "आज सदरा नवा घातलास काय रं?" आई विचारायची आणि मामा पलीकडे सदऱ्याची कॉलर ओढून दाखवायचा. बघणाऱ्याला हसू यायचं. मला ते बघवत नसे.

सिंगापूरला मी एका शिपिंग कंपनीत कागदपत्रांचं काम करते. आमच्या दारावरून गेलेले डबे इथे उतरतात आणि इथले तिकडे जातात. 'लांबून' म्हणजे कुठून, ते मला आता रोज स्क्रीनवर दिसतं. राहते एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी घरांच्या ब्लॉकमध्ये, दहाव्या मजल्यावर. खिडकीखाली मोठा रस्ता आणि रस्त्याच्या वर खांबांवरून धावणारी एमआरटी, इथली मेट्रो. सुरुवातीला गाडी गेली की मी मांडणीकडे बघायची, भांडी वाजतील म्हणून. वाजत नाहीत.

इथे आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट पाहिली. आमच्या हॉकर सेंटरसमोर, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारासमोर, रस्ता ओलांडायला एक वाकलेली चिनी आजी उभी होती. तिने खांबावरच्या पेटीला आपलं कार्ड टेकवलं. सिग्नलवरचा हिरवा माणूस लागला आणि लागूनच राहिला. सगळ्या गाड्या, बस, एक कंटेनरवाला ट्रकसुद्धा थांबून राहिला आणि आजी सावकाश, भाजीची ट्रॉली ओढत पलीकडे गेली. म्हाताऱ्या माणसाने कार्ड टेकवलं की इथे त्याला जास्तीचा वेळ मिळतो. मी फुटपाथवर उभी राहून रडले. बरोबर असलेली ऑफिसातली मैत्रीण घाबरली, तिला वाटलं मला घरची आठवण आली. तसंच होतं ते, पण तिला कसं समजवायचं?

दरम्यान गावाकडे उरणच्या रेल्वेचं काम सुरू होतं. सुरू होतं म्हणजे सुरू व्हायचं आणि बंद पडायचं. आमच्या मिठागराची एक पट्टी त्यात गेली. भराव पडला, त्यावर गवत वाढलं, म्हशी चरू लागल्या. "रस्त्यानं अंगन नेलं, आता रूल मिठागर नेनार," बापूस म्हणाला होता. तो वारला तेव्हा भरावावर म्हशीच होत्या. आई फोनवर म्हणायची, "आमच्या जल्मात काय ती गाडी येत नाय." मग एकदा दादाने व्हिडिओ पाठवला. रूळ, पांढराशुभ्र फलाट आणि खारफुटीतून वळण घेत येणारी गाडी. मागे आईचा आवाज, "खरंच आयली गो बाय!"

पुढच्या दिवाळीला मी गेले. विमानतळावरून टॅक्सी केली, पण मुद्दाम बेलापूरला उतरून बॅगेसकट उरणच्या गाडीत बसले. डबा अर्धा रिकामा होता. खिडकीतून खाडी दिसत होती, बगळे, मिठाचे ढीग. आयुष्यभर ज्या प्रदेशातून मी धूळ आणि डिझेलचा वास घेत गेले, तो इतका हिरवा आहे हे मला माहीतच नव्हतं. समोरच्या बाकावर एक कॉलेजातली मुलगी पाय वर घेऊन अभ्यास करत होती. आमच्या वेळी कॉलेजला जाणं म्हणजे सहाआसनी रिक्षात दहा जणांत कोंबून बसणं आणि फाट्यावर तासभर थिजून राहणं. तिच्याकडे बघून बरं वाटलं आणि थोडा हेवाही वाटला.

रस्ता ओळखू येईना. बंदराचे मोठे ट्रेलर आता वरच्या उड्डाणपुलावरून जातात. खाली रिक्षा, बस, मोटारसायकली. गर्दी आहे, पण ती माणसांची आहे. फाटा मात्र ओस पडलाय. ज्या हॉटेलात ड्रायव्हर रांगेने जेवायचे, त्याचं शटर खाली होतं. दादा फाट्यावर चालवायचा ती सहाआसनी भंगारात गेली. काही महिने तो घरी बसून होता, आता स्टेशनबाहेर रिक्षा लावतो. फाट्यावर चहा विकणारी सुमनकाकी स्टेशनच्या जिन्याजवळ बसते, पण म्हणते, "इथं कोन थांबतंय गो? गाडी आली की पलतात. फाट्यावर मानसं अडकायची, तर बोलायची तरी." जाम संपल्याचं दुःख करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला तिचं पटलं.

स्टेशनखाली एक भुयारी वाट काढलीय. रूळ आणि रस्ता दोन्हींच्या खालून जाते. एक तोंड आमच्या बाजूला, दुसरं आंबेपाड्यात. जिना आहे आणि उतारही आहे. म्हटलं, झालं, आई आता रोज जात असेल. दादाने मान हलवली. "एकदा पन नाय गेली. तोंडापर्यंत जाते, परत येते."

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी मी आईला म्हटलं, "आज मामाकडे चालत जायचं."

"जमिनीखालून? मेल्यावर जायचंच हाय की."

"आई, मी आहे ना बरोबर."

ती आत निघून गेली. पण थोड्या वेळाने पाहिलं तर तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि ताट तयार केलं होतं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, काडेपेटी. आम्ही उताराने खाली गेलो. आत दिवे होते, भिंतींना पांढऱ्या फरशा. वर गाड्यांची घरघर, पण लांबून आल्यासारखी. आईने माझा दंड घट्ट धरला होता. मध्यावर आल्यावर ती थांबली आणि छताकडे बघितलं.

"यमुना हिथंच पडली," ती म्हणाली. "वरती. बरोबर हिथं."

तिने भिंतीवर हात ठेवला. लोक बाजूने जात होते. मला वाटलं, ती आता मागे फिरणार. तेवढ्यात पलीकडून काठीचा आवाज आला. बबनमामा. त्याच्या सुनेने त्याला सांगितलं होतं की आत्या निघाली, आणि त्याला दारात बसून वाट बघणं जमलं नव्हतं. उतारावरून एकेक पाऊल टाकत तो येत होता, सून मागून "बाबा, सावकाश" म्हणत होती. तो आईसमोर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांनी हाताच्या अंतरावर.

"म्हातारी झालीस गो," तो म्हणाला.

"आनि तू काय जवान ऱ्हायलास?"

दोघंही रडत होती आणि हसत होती. आईने ताट माझ्या हातात दिलं, काडी ओढली. वाऱ्याने विझली. दुसरी ओढली, तेव्हा जेवणाच्या डब्याची पिशवी घेतलेला एक अनोळखी माणूस थांबला आणि त्याने दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. तिथेच, रस्त्याच्या पोटात, आईने भावाला ओवाळलं. गाडी चुकेल म्हणून धावणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. मामा काठीवर रेलून पाया पडायला वाकू लागला, आईने त्याला वरच्या वर धरलं.

मग आम्ही पलीकडे गेलो. एवढं झाल्यावर सगळं सुखाचं व्हायला हवं होतं. पण मामाच्या घराच्या उंबऱ्यात आई बावरली. चूल होती तिथे गॅसचा ओटा, पाण्याचे हंडे होते तिथे फ्रिज. तिला पाणी हवं होतं आणि कुठे असतं ते माहीत नव्हतं. सुनेने ट्रेमधून पाणी आणलं, चहा-बिस्किटं आणली. आई सोफ्याच्या कडेला बसून राहिली, पाहुणीसारखी. भिंतीवर हार घातलेला यमुनामामीचा फोटो होता, तिकडे ती पुन्हा पुन्हा बघत होती. परत येताना ती भुयारात कुठेही थांबली नाही. मला वाटलं, उशीर झाला. वाट झाली, पण ती जिथे पोचायची ते घर तेवढ्यात संपून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई घरात नव्हती. गच्चीवर, मागे, शेजारी, कुठेच नव्हती. मी घाबरून चप्पल न घालता भुयारातून पळत गेले. मामाच्या ओट्यावर ती सुनेबरोबर बसली होती. मध्ये भिजवलेल्या वालांचं भलंमोठं घमेलं. दोघी डाळिंब्या सोलत होत्या आणि आई तिला सांगत होती, "तुझी सासू कोकम आधी टाकायची, मंग गूल. उलटं नको करूस." मामा खुर्चीत झोपला होता.

"सांगून तरी जायचंस," मी म्हटलं.

आईने वर बघितलं. तिला खरंच कळलं नव्हतं मी काय म्हणतेय. "हिथं यायला सांगायचं काय त्यात?"

गाव सोडलेल्या आपल्या सगळ्यांना मला हेच सांगायचंय. आपलं घर म्हणजे आता मंजूर झालेली रजा, तिकीट आणि बॅगेचं वजन. आपण येतोय हे आधी कळवतो, मग आपल्यासाठी चादर बदलली जाते. न सांगता जाता येईल असं घर माझ्या वाट्याला आता कुठेच नाही, इथेही नाही आणि तिथेही नाही. आईचं हरवलेलं मात्र तिला परत मिळालं. जुनं मिळालं नाही, पण वाल सोलण्यापुरतं मिळालं.

माझ्या परतीच्या दिवशी दादा मला रिक्षाने स्टेशनवर सोडायला निघाला तेव्हा आई पुन्हा घरात नव्हती. मी फोन केला. मागे भांड्यांचा, कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता.

"आई, निघाले गं मी."

"जा गो बाय. सांभालून जा. पोचलीस की फोन कर, मी हिथंच हाय."

हिथंच म्हणजे रस्त्याच्या कुठल्या बाजूला, ते मी विचारलं नाही.