दोन्ही खांद्यांचं माप

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, आणि विचारलं तर दोनदा सांगते. घराणं शिंप्यांचं. बसवनगुडीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान आहे. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड. माझं बी.कॉम.चं सर्टिफिकेट अण्णांनी दुकानात आरशाशेजारी लावलंय. बाही नीट बसली का बघायला माणूस आरशासमोर उभा राहिला की आधी माझा वर्ग वाचतो, मग स्वतःची बाही बघतो.

पदवी घेतली, तरी मी ऑफिसात काही गेले नाही. आनेकलच्या एका शिवण प्रशिक्षण केंद्रात शिकवते. रोज बसनं जाते. मुली आसपासच्या गावांतल्या, आणि बहुतेकींच्या आया गार्मेंटला, म्हणजे तयार कपड्यांच्या फॅक्टरीत. मुली मला अक्का म्हणतात. आमचं बोलणं कन्नडमधलं. मराठीत लिहिताना त्याची चव थोडी जाते, इलाज नाही.

केंद्रात माझ्या आधीपासूनची एक पद्धत होती. सरावाचं कापड थोडं, म्हणून दिवसभर जे शिवलं ते संध्याकाळी ब्लेडनं उसवून, इस्त्री करून, घडी घालून ठेवायचं. उद्या तेच कापड. कॉलर शिवली, उसवली. बाही लावली, उसवली. शेवटी कापडाची पार चाळणी व्हायची.

एका तुकडीत एक मुलगी होती. हात फार चांगला, टीप रेघेसारखी सरळ. एका संध्याकाळी उसवता उसवता, मान वर न करता ती म्हणाली, "अक्का, मी आता थोडेच दिवस येईन."

"का गं?"

"फॅक्टरीत आईच्या लाइनवर जागा आहे. तिनं सुपरवायझरशी बोलून ठेवलंय."

"काम काय?"

"कफ लावायचे. आई डावा लावते, मी उजवा लावीन." ती हसली. मग म्हणाली, "इथं तरी काय करतेय? शिवते आणि उसवते. तिथलं शिवलेलं निदान जहाजात बसून परदेशी तरी जातं."

सर्टिफिकेट मिळेल म्हटलं असतं, तर तिनं विचारलं असतं, कफ लावायला सर्टिफिकेट लागतं का. आणि लागत नाही, हे मला माहीत होतं.

त्याच आठवड्यात मुलींचा उत्साह वाढवायला एक पाहुणे आले. पुण्याहून इथं आयटीत आलेले. मोठी स्वप्नं बघा, असं त्यांनी हिंदीत पुष्कळ वेळ सांगितलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा उसवायला बसल्या. निघताना ते मला मराठीत म्हणाले, "मॅडम, बेसिकली यांच्यात मोटिव्हेशनच मिसिंग आहे." माणूस भला होता, स्वतःची सुट्टी घालवून आला होता. मी म्हटलं, "चहा घेऊन जा."

पण परतीच्या बसमध्ये ते वाक्य डोक्यात राहिलं, आणि मला माझा पहिला शर्ट आठवला.

आमच्याकडे एक रीत आहे. शिकणाऱ्यानं पहिला पुरा कपडा घरातल्या माणसासाठी शिवायचा, आणि त्या माणसानं तो घालून दिवसभर चारचौघांत वावरायचं. कसाही जमलेला असो. मी अण्णांसाठी शर्ट शिवला. डावी बाही अशी पिळली होती, की हात सरळ सोडला तरी वाटावं, हे कुणाला तरी बोलावताहेत. तो घालून अण्णा दिवसभर दुकानात बसले. एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "अण्णा, हे कुणी शिवलं? दुकान बुडवायचा विचार आहे का?"

"मुलीनं शिवला," अण्णा म्हणाले. "पुढचा बघायला या."

मी पडद्याआड काजं करत होते, कान तापले होते. दुसऱ्या शर्टाला बस, असं मला कुणीच म्हटलं नाही. पण तो माणूस पुन्हा येणार होता. त्या दिवशी संध्याकाळचा चहा गार झाला, मी कापड पसरून बसले होते.

पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्या प्रमुखांशी बोलले आणि जयनगरच्या बाजारातून सुती कटपीस घेऊन आले. मुलींना सांगितलं, "हे उसवायचं नाही. घरातल्या कुणासाठी तरी ब्लाउज शिवायचा. माप स्वतः घ्यायचं. आणि जिचं माप, तिनं इथं येऊन घालून दाखवायचं." आमची रीतही सांगितली, पिळलेल्या बाहीसकट.

"माझी आजी टेप लावू देत नाही," एक म्हणाली. "तिला गुदगुल्या होतात."

"मग हसत हसत माप घे."

आमची जाणारी मुलगी कापडाला हातच लावेना. "मी तर सोमवारी लाइनवर चालले, अक्का."

"जा की. जाताना आईला ब्लाउज देऊन जा."

तिनं कापड उचललं. मला तेवढंच हवं होतं.

आयांना सुट्टी रविवारची, म्हणून रविवारी सकाळी वर्ग उघडला. जाणाऱ्या मुलीची आई आली. बारीक बाई, बोलायला धारदार. "इतकी वर्षं परदेशातल्या लोकांचे शर्ट शिवतेय," ती म्हणाली, "पण माझ्या अंगाला टेप लावली ती या पोरीनंच. एरवी टेलरकडे जुना ब्लाउज टाकायचा, तसाच नवा येतो."

आत जाऊन ती नवा ब्लाउज घालून आली. गळा सुरेख, बाह्या नीट. पण उजवीकडून ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. तिनं वर ओढला, तो पुन्हा उतरला.

मुलीची काही चूक नव्हती म्हणा. आम्हीच शिकवतो तसं तिनं केलं होतं. एकाच खांद्याचं माप घ्यायचं, कापडाची घडी घालायची, दोन्ही बाजू एकदम कापायच्या. कागदावर दोन्ही खांदे नेहमी सारखेच असतात.

"चालेल गं," आई म्हणाली. "पदर ओढून घेतला की झाकलं जातं."

मुलगी आईच्या मागं जाऊन उभी राहिली आणि दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"आई, तुझा उजवा खांदा खाली आहे."

"असणारच. दिवसभर त्याच बाजूनं कापड ओढायचं. आमच्या लाइनवर सगळ्याजणी अशाच वाकड्या."

मुलगी माझ्याकडे वळली. "अक्का, खांदे सारखे नसले, तर घडी घालून कापायचं कसं?"

केंद्रात आल्यापासून तिनं मला कामातलं असं काही विचारलंच नव्हतं. नेहमी 'आता काय करू' विचारायची.

"घडी नाही घालायची," मी म्हटलं. "दोन्ही खांद्यांचं माप वेगळं घ्यायचं, दोन्ही बाजू वेगळ्या कापायच्या."

"पण हा तर कापून झाला."

"शिलाईत कापड ठेवलंय ना आत? मग दुरुस्त होईल. खांदा उसव."

उसव म्हटल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. ती म्हणाली, "आई, काढ तो. आत्ता करते."

"आज नाही," आई म्हणाली. "तुझ्या अक्काच्या घरची रीत आहे म्हणे, दिवसभर घालायचा. मला बाजारातून भाजी घ्यायचीय, बहिणीकडे जायचंय. उद्या काढून देईन, मग उसव."

"उद्या तर सोमवार. लाइनवर यायचंय."

"लाइनवर येशील, तर हा खांदा कोण बसवणार? सुपरवायझर?"

मग आई माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, हा कोर्स संपल्यावर हिचं भलं होईल ना?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "पुढचं कोण सांगणार?" मी म्हटलं. "पण हिला पुरा कपडा येईल. मग कफ लावायचे की नाही, ते हिचं ही ठरवेल."

"सरी," आई म्हणाली. म्हणजे ठीक आहे. "सुपरवायझरला मी सांगते. कफ कुठं पळून जात नाहीत."

आणि ती तो ब्लाउज घालून, पिशवी घेऊन निघाली. मुलगी मागून धावली. दारातून मला दिसत होतं, भर रस्त्यात ती आईचा पदर उजव्या खांद्यावर ओढत होती, आणि आई तो मुद्दाम खाली सारत होती.

सोमवारी बस रखडली. पोचले तेव्हा मशिनांचे आवाज सुरू झाले होते. ती खिडकीजवळच्या तिच्या जागेवर होती. मांडीवर आईचा ब्लाउज, कापडावर खडूच्या दोन वेगवेगळ्या रेघा, आणि अर्धा खांदा उसवलेला.

"अक्का, भाजीवालीनंसुद्धा विचारलं, कुणी शिवला म्हणून," ती मान वर न करता म्हणाली. "ब्लेड बोथट झालंय. दुसरं द्या."

मी नवं ब्लेड काढून दिलं.