एकाच जागी तीनदा

भेस्तानच्या कारखान्यात कापड तपासणाऱ्या मावशींना मी गप्प राहून टेबलावरून उठवलं. हे इतकी वर्षं घरीही बोललो नाही.

त्यांची पद्धत साधी. संशय आला की तीच जागा तीनदा बघायची: सरळ वरून, मग कापड तिरकं करून, मग उजेडासमोर धरून. यावरूनच मला यंत्राची कल्पना सुचली. कॅमेरा एकच, दिवे तीन. कापडाच्या प्रत्येक ठिपक्याचे तीन फोटोंतले तीन आकडे मी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या एका फंक्शनला द्यायचे. ते सांगणार, चांगलं की खराब.

चाचणीच्या आठवड्यात मावशींनी कापडाच्या एका ताक्यावर बोट ठेवलं. "आठे धागा नही शे." म्हणजे इथे एक धागाच नाही. यंत्र म्हणत होतं, ताका चांगला.

"मावशी, मशीन थोडंच खोटं बोलतं? तुमच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल," शेठ हसून म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मावशी पॅकिंगला.

चूक मला आठवडाभरात सापडली. तिन्ही फोटो एकापाठोपाठ एक साठवलेले होते आणि मी आकडे सलग तीन-तीन उचलत होतो. म्हणजे एका ठिपक्याचे तीन उजेड नव्हे, एकाच उजेडातले शेजारचे तीन ठिपके. फंक्शनला तीन आकडे हवे होते, ते मिळत होते. एरर यायचं कारणच नव्हतं. मी एक ओळ बदलली. तो ताका पुन्हा लावला, तर मावशींनी बोट ठेवलेली जागा पडद्यावर लाल झाली. शेठना म्हणालो, "थोडं सेटिंग केलं." माझी नोकरी नवी होती. ते कारण तेव्हा पुरलं.

दोन वर्षांनी, एका रविवारी, डिंडोलीला त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्या वांगी चिरत होत्या. हात थांबला नाही.

"दोन वर्स लागनात तुले? भेस्तान थाईन डिंडोली इतली लांब शे का?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"मी डोळा तपासी उनू, माहीत शे? डॉक्टर म्हणे, काहीच नही. तरी रोज वाटे, खरंच दिसत नही का काय." मग चिरलेली वांगी पाण्यात टाकून म्हणाल्या, "चहा पी पहिले. उद्या शेठले सांग. मना समोर."

सांगितलं. दुसऱ्या दिवशी, त्यांच्या समोर. सगळे कारागीर ऐकत होते. शेठ मावशींना म्हणाले, "टेबल तुमचंच आहे."

त्या बसल्या. पहिलाच ताका उजेडासमोर धरला आणि मला हाक मारली, "ये, तुनं मशीन काय म्हणस ते सांग."

आता फंक्शनमध्ये काहीही बदललं, तरी कापड आधी त्यांच्याकडे जातं. त्या सांगतात, मग मी पडद्यावर पडताळतो. मला पुन्हा शिकायला बसवलं त्यांनी, आणि त्या रविवारी चहा न देता परत पाठवलं नाही.