कंट्रोल कुणाच्या हातात

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि लगेच ते हसू घशातच राहतं. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. घनसावंगी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो, तेवढ्यात तीर्थपुरीकडच्या एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. ठाणे अंमलदाराने तो घेतला आणि ताडकन उभाच राहिला.

"सर, गावात पायलट आलाय म्हणे! मागून मंत्रीसाहेब येत असतील. आपल्याला तर बंदोबस्ताचा काहीच मेसेज न्हाई!"

पोलीस खात्यात पायलट म्हणजे मंत्र्याच्या ताफ्यापुढे धावणारी गाडी. त्या बिचाऱ्याचा घाम पुसून होईपर्यंत मी फोन माझ्या हातात घेतला.

"पाटील, कोण मंत्री येतोय?"

"मंत्री कशाचा साहेब! इमानाचा पायलट. आपल्या गुरुजीची पोरगी इमान चालवती न्हाई का, तिच्यावरचा साहेब हाये म्हणं. काल आल्ता, आज पुन्हा आलाय. गुरुजी त्याला चहा पाजून राह्यलेत अन् पोरगी आतल्या खोलीतून बाहेर येईना. मला काही हे बराबर दिसंना."

पुरावा घेऊन येणारे बातमीदार मी पुष्कळ पाहिले. त्यांतले निम्मे स्वतःचं उट्टं काढायला येतात. पण ज्याला काही मिळवायचं नाही असा माणूस "बराबर दिसंना" म्हणतो, तेव्हा उठावं आणि जाऊन यावं. मी साध्या कपड्यांत निघालो आणि आमच्या हवालदार बाईंना सोबत घेतलं.

ती मुलगी तालुक्याला माहीत होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींची लेक, मोठ्या विमान कंपनीत सहवैमानिक. शाळेच्या कार्यक्रमात तिला पुष्पगुच्छ देणाऱ्यांत मीही होतो. आम्ही पोचलो तेव्हा पाहुणा नुकताच निघून गेला होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली दोन रिकामे कप आणि त्यांच्यासमोर खाली मान घालून बसलेले गुरुजी.

"मोठा माणूस हाये साहेब," ते म्हणाले. "एवढ्या लांबून माझ्या दारात आला. म्हणला, पोरीच्या मनावर ताण आलाय, तिनं गैरसमज करून घेतलाय. आता कॅप्टन माणूस खोटं कशापायी बोलंल?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. नंतर कळलं, गुरुजींनी आदल्याच दिवशी लेकीला विचारलं होतं, "बाई, तुझा काही गैरसमज तर झाला न्हाई ना?" तेव्हापासून ती बापाशी बोलत नव्हती.

हवालदार बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि चुलीपाशी बसल्या. मी बाहेर ओसरीवरच थांबलो. बाईमाणसाचा असला जबाब घ्यायचा तर साहेबाने दूर बसावं, हे मला नोकरीने शिकवलं होतं. बऱ्याच वेळाने बाई मला आत घेऊन गेल्या आणि मुलीने मला सगळं सांगितलं.

विमानात शेजारी बसणाऱ्या सहवैमानिकाचं नशीब कॅप्टनच्या शेऱ्यावर असतं. हा कॅप्टन नव्या मुलींना उड्डाणात नको ते विचारायचा आणि वर म्हणायचा, गंमत केली. हसलं नाही की शेरा यायचा, 'दडपण सहन होत नाही'. बाकीच्या कॅप्टन लोकांना हे ठाऊक होतं. "त्यांचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नकोस, तुलाही एक दिवस कॅप्टन व्हायचंय ना?" असा सल्ला तिला मिळाला होता. सल्ला देणाऱ्यांत बायकाही होत्या.

मग एका शहरात मुक्काम पडला. उड्डाणाबद्दल बोलायचंय म्हणून तो हॉटेलात तिच्या खोलीच्या दारात आला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

"मंग तू काय केलं?" हवालदार बाईंनी विचारलं.

मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही हसाल. ओरडता आलं न्हाई. तोंडातून एकच निघालं, आय हॅव कंट्रोल. अन् त्यानं हात सोडला. मी दार लावलं."

विमान एकाकडून दुसऱ्याने ताब्यात घेताना हे शब्द म्हणायचे असतात. ते ऐकले की समोरच्याने वाद न घालता हात काढायचे, हे वैमानिकाच्या अंगात इतकं मुरवलेलं असतं की झोपेतही त्याचे हात सुटावेत. कंपनीच्या तक्रार समितीला दिलेल्या अर्जात तिने हे शब्द लिहिलेच नव्हते. लोक थट्टा करतील असं तिला वाटलं. अर्जात फक्त एवढंच होतं, की दारात येऊन हात धरला. त्यावर कॅप्टनचं उत्तर होतं, मी गाडीतून उतरून थेट माझ्या खोलीत गेलो, तिच्या दाराकडे फिरकलोही नाही.

आता समितीपुढे सुनावणी होती आणि त्याआधी तक्रार मागे घ्यावी म्हणून हा गावापर्यंत आला होता. गुरुजींना त्याने गोड शब्दांत सांगितलं होतं, की प्रकरण वाढलं तर मुलीच्या मनाची तपासणी होईल, डॉक्टरांनी एकदा अनफिट लिहिलं की विमान कायमचं सुटलं. गुरुजींना ती काळजी वाटली. मला ती धमकी वाटली. आणि ही धमकी माझ्या हद्दीत दिलेली होती.

"साहेब, मला त्याला तुरुंगात घालायची हौस न्हाई," मुलगी म्हणाली. "मला फक्त उडायचंय. अन् बाबांनी माझं खरं मानावं."

धमकीचा गुन्हा आमच्याकडे दाखल केला. हॉटेलातल्या प्रकाराचा, हद्द आमची नसल्याने, शून्य क्रमांकाने नोंदवून त्या शहराच्या पोलिसांकडे वर्ग करायची तयारी केली. कॅप्टनला नोटीस गेली. दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात आला, कडक इस्त्रीचे कपडे, डोळ्यांवर काळा चष्मा. बसायच्या आधीच त्याने मला दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांची नावं ऐकवली. नाव सांगणारा माणूस घाबरलेला असतो, हा माझा अनुभव. मी त्याच्यासाठी चहा मागवला. हवालदार बाई चित्रीकरण करत होत्या आणि तसं त्याला सांगितलंही होतं. गुरुजींना आणि लेकीला जबाबासाठी बोलावलं होतं; लेक आवारात लिंबाखाली थांबली होती, गुरुजी बाहेरच्या बाकावर बसले होते. मध्ये फक्त दाराचा पडदा.

अर्धा वेळ तो मला विमानाबद्दल शिकवत होता. मी शिकत होतो. माणसाला त्याच्या हुशारीच्या गोष्टी बोलू द्याव्यात. बोलता बोलता तो सैल होतो. हॉटेलाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं, "मी तिच्या मजल्यावरही गेलो नाही."

शेवटी मी म्हणालो, "कॅप्टनसाहेब, तुम्ही लोक ते कंट्रोल कंट्रोल काय म्हणता? आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. आणि खात्यात कुणाला कंट्रोलला पाठवला म्हणजे त्याला शिक्षा झाली."

तो मनापासून हसला आणि त्याने चष्मा काढून ठेवला. मग त्याने टेबलावर दोन्ही हात ठेवून मला दाखवलं. एकाने म्हणायचं आय हॅव कंट्रोल, की दुसऱ्याचे हात लगेच बाहेर. "विचार करायचा नाही इन्स्पेक्टर. हात आपोआप सुटतात."

"आणि जमिनीवर कुणी म्हटलं तर?"

"जमिनीवर कोण म्हणतं! ही तुमची मुलगीच एक नमुना. दारात उभी राहून म्हणते, आय हॅव कंट्रोल. इतकी हास्यास्पद! आणि सवय बघा, माझाही हात..."

हवालदार बाईंनी मोबाइलवरून नजर वर केली. चहावर साय धरली होती.

"कुठल्या दारात, साहेब?" मी विचारलं.

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि वकील मागितला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण कुठे शोधायचं ते आता नेमकं कळलं होतं. त्याच दुपारी मी त्या शहराच्या पोलिसांशी बोललो, त्यांनी हॉटेलच्या त्या मजल्याचं कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जाण्याआधी ताब्यात घेतलं. त्यात तो होता, दार होतं, आणि झटका बसावा तसा मागे सुटलेला त्याचा हात होता.

पण माझ्यासाठी प्रकरण त्याआधीच, ठाण्याच्या आवारात सुटलं होतं. मी पडदा सारून बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता. लिंबाखाली लेक उभी होती आणि गुरुजी तिच्यासमोर. आयुष्यभर वर्गाला गप्प बसवणारा तो माणूस हात जोडल्यासारखा उभा होता.

"बाई, मला पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "मी आता मधी बोलत न्हाई."

ती रडली. दोन्ही प्रकरणांत मिळून ती त्या एकाच वेळी रडली. मला स्वतःला फार भरून आलं आणि मी उगाच शिपायावर ओरडून आत गेलो.

चित्रण समोर आल्यावर त्याच्यासोबत उडालेल्या आणखी मुली पुढे आल्या. समितीने तक्रार खरी ठरवली, कंपनीने त्याला काढलं, खटला चालू आहे. मुलगी पुन्हा उडू लागली. तिला अनफिट कुणी लिहिलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा मी जांब समर्थला दर्शनाला निघालो होतो, तर रस्त्यात गुरुजींची जुनी जीप थांबली. लेक सुट्टीवर आली होती, गाडी तीच चालवत होती. मला मागे बसवलं. गुरुजींना शेजारी बसूनही गाडी चालवायची खोड. उसाचा ट्रॅक्टर समोर आला की म्हणायचे, "हळू! डावीकडं घे!" आणि हात स्टिअरिंगकडे जायचा.

इतकी वर्षं गुन्हे तपासून मी एवढंच शिकलो. विमानात एकाने सांगितलं की दुसरा विचार न करता हात काढतो, कारण सगळ्यांचा जीव त्यावर असतो. जमिनीवर बाई 'नको' म्हणते तेव्हाही कुणाचा तरी जीव त्यावरच असतो. आपण मात्र तिलाच विचारतो, गैरसमज तर झाला नाही ना?

पुढे आणखी एक ट्रॅक्टर आला. गुरुजींचा हात उठला.

"बाबा," लेक समोर बघत म्हणाली, "आय हॅव कंट्रोल."

गुरुजींनी झटकन हात मागे घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि जांब येईपर्यंत ते तसेच बसले.