नुसतं चाखलेलं

तीर्थपुरीकडं पाचशे पानांची पंगत म्हटली की भुजंगराव आचारीच हवा. माणूस गर्विष्ठ, पण हाताला अशी चव की लोक गर्वही चालवून घेत. तीस वर्षांत आपल्या भट्टीवर त्यानं दुसऱ्या कुणाला पदार्थ चाखू दिला नव्हता.

अलीकडं मात्र जेवणानंतरची साखर तीनशेच्या खाली येईना, पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल. साखरेच्या गोळीसोबत त्यांनी व्हिटॅमिनची गोळीही दिली. ही जेवणावर घेतली की साखर गपगुमान उतरते, हे भुजंगरावानं स्वतःच ठरवून टाकलं आणि तो निर्धास्त झाला.

पुढच्या तपासणीला साखर तीनशे वीस! नर्स ज्योत्स्नानं त्याच्या बायकोकडं पाहिलं. उषाबाई उसळली, "मीच वाढून राह्यले ना! एक भाकर, वाटीभर वरण. जास्ती बिलकुल न्हाई."

"मंग काका, जेवल्यावर काय खाल्लं?"

"काहीच न्हाई. भट्टीवर होतो. निस्तं चाखलं."

ज्योत्स्ना हसली नाही. "व्हिटॅमिन चालू ठेवा, तुमच्या अंगात ते कमी हाय. पण त्यानं साखर उतरत न्हाई. अन् उद्या जेवढं चाखाल, तेवढंच एका वाटीत काढून ठेवा."

दुसऱ्या दिवशी लग्नाचा स्वयंपाक होता. भुजंगरावानं ऐटीत वाटी शेजारी ठेवली. बुंदी, शिरा, बासुंदी, पुन्हा बासुंदी. पंगत बसायच्या आधीच वाटी शिगोशीग भरली, मग दुसरी, मग तिसरी. एवढं गोड तर तो वरपित्यालाही वाढत नसे. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पुढचं लग्न शहागडला. या खेपेला भट्टीपाशी उषाबाई होती. तिनं वांग्याचा रस्सा तळहातावर घेऊन चाखला आणि बिचकत म्हणाली, "अहो, मीठ कमी हाय."

हाताखालची माणसं जागच्या जागी थबकली. भुजंगरावाच्या रश्श्याला मीठ कमी? त्याचं नाक फुगलं. पळी उचलावी, चाखावं आणि हिला गप्प करावं, असं त्याला फार वाटलं. मग त्यानं मिठाचा डबा पुढं ओढला.

"किती टाकू?" त्यानं विचारलं.