गिरणीच्या पट्ट्याचा ब्रेक

महायुद्धाच्या काळात बेळगावात मोटारी दुरुस्त करणाऱ्याला भाव आला होता. हुशार फिटर कॅम्पातल्या लष्करी कारखान्यात जात, तिथला पगार चांगला. खासगी गॅरेजात माणूस टिकत नसे. म्हणूनच शहापूरच्या माझ्यासारख्या विणकराच्या मुलाला गॅरेजचे मालक म्हणाले, "ही गाडी निपाणीला नीट जाऊ दे, मिस्त्रीचा पगार चालू करतो." सूत मिळेना म्हणून घरचा माग बंद होता. चूल माझ्या कमाईवर होती.

आमच्या गॅरेजात रीत होती. ब्रेक ज्यानं केला त्यानं पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसायचं. ब्रेकची नवी पट्टी बाजारात नव्हती, म्हणून मी पिठाच्या गिरणीचा जुना कापडी पट्टा कापून चाकाच्या आत बसवला होता. सपाटीवर तो धरत होता. घाटात काय होईल ते मला ठाऊक नव्हतं, आणि हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

निपाणीच्या अलीकडचा तवंदी घाटाचा उतार लागला तेव्हा गाडी माणसांनी भरलेली होती. मी समोरचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला होता. माझ्या मागं एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती.

"मिस्त्री, दांडा सोड की रं," ड्रायव्हर अण्णा म्हणाले. "मोडला तर तुझ्याच पगारातनं कापतील."

मागची माणसं हसली. तेवढ्यात वास आला. पेट्रोल मिळत नसल्यानं आमची गाडी कोळशाच्या गॅसवर चालायची, त्यामुळं जळका वास कुणाला नवा नव्हता. हा मात्र सुती कापडाचा होता, आणि तो विणकराच्या पोराला चुकत नाही.

"अण्णा, खालचा गेर टाका."

"खालचाच हाय. भ्यालास व्हय रं?"

"न्हाय."

थांबवा म्हटलं असतं तर माणसं उतरून चालत गेली असती. माझी नोकरी तेवढी गेली असती. पुढच्या वळणावर अण्णांनी ब्रेक दाबला. गाडी फार उशिरा सावरली. उरलेला उतार त्यांनी अगदी हळू उतरवला. मागं मूल रडत होतं.

निपाणीला चाक काढलं. पट्टा जळून काळा पडला होता. अण्णांनी त्याची कड बोटांनी चुरली.

"ठाऊक होतं तुला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"परतीला घाट चढायचा हाय, ब्रेक कमी लागंल. हळू नेतो," ते म्हणाले. "मालकाला मी सांगत न्हाय. पण माझ्या गाडीत पुन्हा बसू नगंस."

मिस्त्रीचा पगार मला त्याच महिन्यापासून मिळू लागला. त्या दुपारी मात्र परतीची माणसं गाडीत चढत होती, पोरांना खिडकीशी बसवत होती, आणि मी खाली वाकून त्याच जळक्या पट्ट्यावर चाक परत चढवत होतो.