काळ्या वायरी

गॅरेजच्या गल्लीत त्याला सगळे झटकेमास्तर म्हणत. गाड्यांची वायरिंग करण्यात त्याची हयात गेली होती आणि त्याची एक खोड प्रसिद्ध होती. दिवा असो की हॉर्न, हा सगळीकडे काळीच वायर टाकायचा. कुठली कुठे जाते ते फक्त त्याच्या डोक्यात. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलंच, तर तिथला कारागीर बोनेटखाली डोकावून हात जोडायचा आणि गाडी मुकाट्याने परत यायची. या लबाडीचा त्याला अभिमान होता, खोटं कशाला बोला.

बारा वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीने जुनी पिकअप घेतली, तेव्हा तिची वायरिंगही त्याने अशीच केली. सख्ख्या बहिणीच्या गाडीत तरी रंग वापरावेत, हे त्याला सुचलंच नाही.

आता तीच पिकअप बहिणीच्या अंगणात त्याच्यासमोर उभी होती. चालता चालता तिची सगळी वीजच जायची आणि इंजिन गप्प व्हायचं. मागच्या शनिवारी दवाखान्याच्या वाटेवर पाऊण तास बंद पडली होती, आणि मागे हौद्यात भावोजी. त्यांच्या किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे, वेळ चुकली की अंगावर सूज चढे. आज दोनची वेळ होती आणि साडेबारा वाजून गेले होते.

सकाळपासून त्याने बॅटरीची टोकं घासली, फ्यूज बदलले, अर्थिंगची तार नवी घातली. पण मेला दोष आज दिसायलाच तयार नव्हता. किल्ली फिरवली की गाडी गुणी बाळासारखी सुरू. उरला डॅशबोर्डमागचा वायरींचा जुडगा, मनगटाएवढा जाड आणि सगळा काळा. एकेक वायर टेस्टरचा दिवा लावून तपासायची तर दोन दिवस गेले असते. चिमटीत एक धरावी, ही किल्लीकडून आली म्हणावं, आणि लगेच वाटावं, छे, ही तर वायपरची. वर्षभर तो माणसांची नावं विसरत होता, ते त्याने हसण्यावारी नेलं होतं. पण वायरी? त्याला खरोखरच भीती वाटली.

बहिणीने भावोजींना धरून बाहेर आणलं. हौद्यात गादी अंथरलेली होती; त्यांना बसवत नसे, म्हणून रिक्षाही कामाची नव्हती.

"झालं ना दादा? आता नाही ना बंद पडणार?"

"माहीत नाही."

"थट्टा नको करूस, उशीर होतोय."

"थट्टा नाही गं. मीच केलंय हे सगळं, पण मला आठवत नाहीये."

मग तिने किल्लीसाठी हात पुढे केला. दुसरं करणार तरी काय?

त्याने हत्यारांची पिशवी तिथेच जमिनीवर ठेवली आणि तो भावोजींच्या उशाशी हौद्यात चढला.

"तू कशाला येतोस?"

"ढकलायला माणूस लागेल," तो म्हणाला.