पुस्तकांचं वाळवण

थोरांच्या चरित्राची सुरुवात ठरलेली असते. अमुक साली अमुक गावी जन्म झाला, आणि लगेच पुढचं वाक्य: लहानपणापासूनच त्यांना वाचनाची आवड होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, असली पुस्तकं ढिगानं पाहिलीत. पण मैनाबाईचं चरित्र लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे. खरी तारीख कोणालाच ठाऊक नाही. तिच्या आईला फक्त एवढं आठवायचं की त्या वर्षी तूर बक्कळ झाली होती. आणि वाचनाची आवड? ती तिला कोणी विचारलीच नाही. सातवी पास झाली, लग्न लावून दिलं, विषय संपला.

मैनाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवते. शाळा तिवसा या तालुक्याच्या गावापासून आठ किलोमीटर आत आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच राहतात आणि मलाही रोज तिथंच जायचं असतं. मी मूळचा अकोल्याचा, नाव श्याम. गोड बोलणं आमच्याकडे पिकत नाही, तेव्हा आधीच सांगून टाकतो. या गोष्टीतला चोर मी आहे.

मैनाबाई कोण आहे ते एका प्रसंगात सांगतो. ती बौद्ध मोहल्ल्यातली. नऊ वर्षांपूर्वी तिला खिचडीचं काम मिळालं, तेव्हा गावातल्या चार घरांनी आपल्या सहा पोरांना घरून डबे दिले. कारण कोणी बोललं नाही, पण कारण सगळ्यांना माहीत होतं. वामनराव, आमचे मुख्याध्यापक, तिला म्हणाले, "त्या सहा पोरांचं शिजवू नको, वाया जाते." तिनं ऐकलं नाही. रोज पटावरच्या सगळ्या पोरांचं मोजून शिजवायची, त्या सहा जणांच्या ताटल्याही ओळीत मांडायची, वाढायची, आणि शेवटी उचलून गुरांना घालायची. असं अडीच महिने. मी एकदा वैतागून कारण विचारलं, "कावून करून राहिल्या हे?" ती म्हणाली, "ताट माह्या हातचं हाय सर. न जेवनं त्यायच्या हातचं हाय. माहं मी करतो, त्यायचं थे पाहातीन." तिसऱ्या महिन्यात एक पोरगी डबा बाजूला सारून ताटलीपुढं बसली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ. दिवाळीपर्यंत सगळे डबे बंद झाले.

आता कपाटाकडे येतो. शाळेच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं. त्यात थोरांच्या चरित्रांची एकशे बारा पुस्तकं. शास्त्रज्ञ, समाजासाठी भांडणारे, शांततेसाठी झटणारे, सगळे एका रांगेत. रंगीत, पातळ, पोरांच्या हातात मावतील अशी. आणि एकही पुस्तक पोराच्या हातात गेलेलं नाही. ग्रंथालय माझ्याकडे होतं, किल्ली माझ्या खिशात. शिक्षकाची बदली झाली की चार्ज द्यावा लागतो, म्हणजे ताब्यातली एकेक वस्तू मोजून पुढच्याच्या हवाली करायची. एक पुस्तक फाटलेलं निघालं की स्पष्टीकरण. म्हणून माझ्या आधीच्या मास्तरनं कपाट बंद ठेवलं, त्याच्या आधीच्यानंही, आणि मीही. पुस्तकं कशी नवीकोरी ठेवली, असं तपासणीला आलेले साहेबही कौतुकानं म्हणायचे.

पण कागदावर पोरं वाचत होती बरं का. देवघेव रजिस्टर नावाची एक लांबलचक वही असते, तिच्यात कोणत्या पोरानं कोणतं पुस्तक कधी नेलं, कधी आणलं, सगळं लिहायचं, पुढं पोराची सही. तपासणीच्या आठवड्यात वामनराव म्हणायचे, "श्याम सर, तेवढं रजिस्टर पूर्ण करा." मी करायचो. चहा घेत घेत दोनशे नोंदी. पोरांच्या सह्या डाव्या हातानं, म्हणजे अक्षर वेडंवाकडं येतं. पाच वर्षं केलं हे मी, आणि लाज वाटली नाही. सगळेच करतात, असं म्हटलं की झोप लागते.

मग दोन वर्षांपूर्वी, एप्रिलात, कपाटाच्या खालच्या कप्प्याला वाळवी लागली, इकडे उदई म्हणतात ती. माझं तर धाबंच दणाणलं. मैनाबाईला हाक मारली आणि म्हटलं, पुस्तकं बाहेर काढा, झटका, ऊन दाखवा, संध्याकाळी मोजून परत.

एप्रिल म्हणजे आमच्याकडे वाळवणाचा महिना. घरोघरी बाजेवर जुनं लुगडं अंथरून सरगुंडे, मूगवड्या, पापड वाळत असतात, आणि शेजारी सावलीत एखादं पोरगं राखणीला बसवलेलं असतं. कावळा, बकरी, कुत्रं हाकलायला. मैनाबाईनं दुसरं काय करावं? कडुनिंबाखाली तीन बाजा टाकल्या, लुगडी अंथरली, एकशे बारा पुस्तकं उघडून मांडली आणि प्रत्येक बाजेला चार चार पोरं राखणीला बसवली. वर दम दिला, "पान उडालं नाई पायजे. पानावर हात ठेवून बसा."

आता पानावर हात ठेवून बसलेलं पोरगं दुसरं काय करणार? वाचणार. अर्ध्या तासात अंगणातला गलका बंद झाला. मी खिडकीतून पाहिलं, तर आमची चौथीची पोट्टी, ज्यांना मी तीन वर्षं आरडून वाचायला लावत होतो, ती उन्हाकडे सरकून सरकून वाचत होती. आणि मैनाबाई चुलीपाशी, एका हातात पळी, एका हातात पुस्तक. केनियाच्या वांगारी मथाई यांचं. झाडं लावली, झाडं वाचवायला उभ्या राहिल्या, त्यापायी मार खाल्ला, आणि पुढं शांततेचं नोबेल मिळालं. मैनाबाई मला म्हणाली, "सर, ही बाई त आपल्यातलीच दिसते."

संध्याकाळी पुस्तकं मोजून परत आली. मी कुलूप लावलं. पुढच्या शनिवारी सकाळच्या शाळेत मैनाबाई दारात उभी. "किल्ली द्या. उदई एका उन्हानं मरते काय? आईनं शिकवलं मले, वाळवणाले चार उन्हं लागतेत." चार झाली. मग म्हणाली, पावसाळ्याआधी एक. मग, पावसाळ्यात ओल धरली असंन. मग हिवाळ्याचं कोवळं ऊन चांगलं. वर्षभर दर शनिवारी हे वाळवण चाललं. मला कळत होतं की वाळवी कधीच मेली. तिलाही कळत होतं. दोघंही बोललो नाही.

पुस्तकांची मात्र अवस्था झाली. कुठं हळदीची बोटं, कुठं तेलाचा डाग, एकाचं मुखपृष्ठ बकरीनं खाल्लेलं. आरती नावाची चौथीतली पोरगी परिपाठाला, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेनंतर, उभी राहिली आणि मला विचारते, "सर, मेरी क्युरीच्या वह्या अजून बी हातात घेतल्या त धोका असते म्हने. म्हणून पेटीत ठेवल्या. आपले पुस्तकं बी तसेच होते का? म्हणून कपाटात होते?" पोरं हसली नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, खाली बस.

आणि नेमकी त्याच वर्षी माझी बदली आली. अकोल्याजवळ. आई तिथं एकटी असते, सहा वर्षं मी त्या बदलीसाठी फॉर्म भरत होतो. वामनरावही मे अखेर रिटायर होणार. दोघांनाही चार्ज द्यायचा. त्यांनी कपाट उघडून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. एकशे बारापैकी एकसष्ट पुस्तकं खराब.

वामनराव म्हणाले, "याचा बोजा आपल्यावर नको. अहवाल करा. आपला चार्ज, तिचं पुढच्या वर्षीचं नूतनीकरण, दोन्ही एकाच मीटिंगमध्ये घेऊ." खिचडीवालीची नेमणूक दरवर्षी शाळा समिती नव्यानं करते. म्हणजे नेमणूक केली नाही की बाई घरी. मी अहवाल लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. "स्वयंपाकी मदतनीस यांच्या निष्काळजीपणामुळे शासकीय पुस्तकांचे नुकसान झाले असून त्यांना पुन्हा नेमू नये." खाली सही केली. माझ्या आईसाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं. आईनं हे वाचलं असतं तर घरात घेतलं नसतं.

मीटिंगला समितीचे अध्यक्ष सहदेवभाऊ खुर्चीत, बाकीचे बाकांवर. सहदेवभाऊ शेतकरी माणूस, नातू आमच्याच शाळेत. वामनरावांनी अहवाल वाचून दाखवला. मैनाबाई दाराशी उभी होती, पदराला हात पुसत. सहदेवभाऊंनी विचारलं, "मैनाबाई, काही सांगाचं हाय?"

"हाव. थे देवघेव रजिस्टर काढा. कपाटात वरच्या कप्प्यात हाय."

 वाळवणाच्या पहिल्या दिवशी कपाट रिकामं करताना मी तिला सगळंच बाहेर काढायला सांगितलं होतं. पुस्तकांबरोबर रजिस्टरही उन्हात पडलं होतं. उघडं. दिवसभर.

वामनराव म्हणाले, "रजिस्टरचा इथं काय संबंध?" सहदेवभाऊ म्हणाले, "बाई म्हणते त काढा नं." रजिस्टर टेबलावर आलं. मैनाबाईनं पान शोधलं नाही, तिला ठाऊक होतं.

"पाचवीचं पान वाचा. ज्योत्स्ना. माही पोरगी. तिनं तीन पुस्तकं नेले, वाचले, वापस केले, असं लिवलं हाय. ज्योत्स्ना आता तिवशाले नववीत हाय. या शाळेत होती तोवर तिनं या कपाटाचं आतलं लोखंड पाह्यलं नाई." ती थांबली नाही. "आता दोनच गोष्टी होऊ शकतेत. हे रजिस्टर खरं असंन, त पाच वरसं गावातले समदे पोट्टे हे पुस्तकं वाचून राहिले. मंग पुस्तकं खराब झाले त्यात माहं काय चुकलं? वाचलेलं पुस्तक खराब होतेच. आन् पुस्तकं परवापरवापावतर कोरे होते असं म्हणत असान, त मंग रजिस्टर खोटं हाय. कोनतं खरं, थे सरायले विचारा. जे म्हणतीन थे मले कबूल हाय."

 बाहेर सहदेवभाऊंचा नातू नळाचं पाणी पीत होता, त्याचा आवाज ऐकू येत होता. वामनराव माझ्याकडे पाहत होते. मी "मुलांनी जपून वाचली" असं म्हणू शकलो असतो. तोंडात वाक्य तयारही होतं.

मैनाबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे रागानं पाहत नव्हती, हे जास्त वाईट होतं. सहा पोरांच्या ताटल्या मांडताना ती अशीच दिसायची. तिनं तिचं ताट मांडलं होतं. जेवायचं की नाही ते माझ्या हातात होतं.

मी उठलो. म्हटलं, "रजिस्टर खोटं आहे. सह्या माझ्या आहेत, डाव्या हातच्या. पुस्तकं या वर्षी पहिल्यांदा वाचली गेली. अहवालही मीच लिहिला, तो फाडा."

सहदेवभाऊंनी फाडला नाही. "राहू द्या फायलीत," म्हणाले, आणि मैनाबाईच्या नेमणुकीवर सही केली.

माझी बदली अडकली. नोटीस आली, खुलासा मागितला. मी एका ओळीचा दिला: आरोप खरा आहे. वामनराव रिटायर झाले, माझ्याशी बोलत नाहीत, न बोलोत. आईला दर रविवारी भेटायला अकोल्याला जातो. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अजून दोन वरसं थांब तिथं."

मीटिंगनंतर मी मैनाबाईकडे गेलो होतो. वाटलं, ती काहीतरी बरं बोलेल. ती भांडी घासत होती. वर न पाहता म्हणाली, "खरं बोलले त्याचं कवतिक नोका सांगू सर. वरसभर मी चूप होती, कावून की पुस्तकं बाहेर निघून राहिले होते. पन पाच वरसं पोरायच्या नावानं तुमी सह्या केल्या, माह्या पोरीच्या बी. थे पाच वरसं कोन वापस करंन?"

  मी खिशातली किल्ली काढली आणि तिथंच अडकवली, पळी टांगायच्या खिळ्यावर. ती अजून तिथंच असते.

परवाच्या शनिवारी तिवशाच्या बसनं ज्योत्स्ना आली. उंच झाली आहे, आवाज आईचा. बाजेपाशी गेली आणि बरोबर त्या तीन पुस्तकांतलं एक उचललं जी मी तिच्या नावावर पाचवीत लिहिली होती. अॅना मणी यांचं. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याच्या कुड्या देऊ केल्या, तर त्या मुलीनं नको म्हटलं, ज्ञानकोश मागितला, आणि पुढं देशातली नावाजलेली हवामानशास्त्रज्ञ झाली. ज्योत्स्ना कडुनिंबाखाली मांडी घालून बसली आणि शेवटच्या पानापर्यंत उठली नाही. मग ऑफिसात येऊन म्हणाली, "सर, रजिस्टर द्या."

मी दिलं. तिनं पाचवीचं पान काढलं. माझी डाव्या हातची सही पाहिली, तिच्या खाली आजची तारीख टाकली आणि स्वतःची सही केली, पूर्ण नावानं. मी म्हटलं, "वरची खोडून टाक."

"राहू द्या," ती म्हणाली. "दोन्ही राहू द्या. पुढचा मास्तर पाहीन नं."